पन्हळ साफ आहे, तरी भिंत ओली का?

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. गावी सासू-सासरे दोघंच असतात, आम्ही मुंबईला. पाच वर्षांपूर्वी घराला पुढे-मागे पन्हळी बसवल्या : ६ इंची पीव्हीसी पाइप मधोमध चिरून, लोखंडी क्लॅम्पवर. मागची पन्हळ ३२ फूट लांब आहे आणि तिला एका टोकाला ३ इंची पाइप आहे. मागे आंबा आणि फणस. गेल्या गणपतीत गेलो तर मागच्या खोलीच्या भिंतीवर वरून दोन फुटांपर्यंत आडवी ओल, काळी बुरशी आणि रंगाचे पापुद्रे. वळचणीची फळी एका जागी फुगली आहे. सासरे ७३ वर्षांचे आहेत, पण पावसाळाभर दर आठ दिवसांनी शिडी लावून स्वतः पाला काढतात. तरीही हे झालं. रंगारी म्हणतो, आतून वॉटरप्रूफ रंग मारू. दीर म्हणतात, पन्हळीवर जाळी टाकू. शेजारी म्हणतात, पन्हळच काढा, पूर्वी कुणाकडे होती? मे महिन्यात आठ दिवस गावी जाणार आहोत. नेमकं काय करावं?
— एक वाचक, मुंबई

उत्तर :

ताई, तुमचे सासरे पाला काढण्यात कुठेही कमी पडत नाहीयेत. ३२ फुटी पाख्याला (छपराच्या उतरत्या बाजूला) ३ इंची एकच पाइप पुरत नाही, हे मूळ दुखणं आहे. पन्हळ घासूनपुसून लख्ख ठेवली तरी जुलैतल्या मोठ्या सरीला ती भरून वाहणारच. पाला त्यात भर घालतो इतकंच. म्हणून आधी हिशेब करू, मग साफसफाईकडे वळू.

पाख्याची रुंदी तुम्ही कळवलेली नाही. वळचणीच्या टोकापासून आढ्याच्या बरोबर खालपर्यंतचं अंतर जमिनीवर मोजा. १४ फूट धरू. ३२ गुणिले १४ म्हणजे ४४८ चौरस फूट, साधारण ४१.६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तासाला १०० मिलीमीटर या जोरानं सर आली तर मागच्या पाख्यावरून तासाला ४,१६० लिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ७० लिटर पाणी उतरतं. एवढ्या जोराची सर तासभर टिकायला हवी असं नाही, दहा मिनिटं पुरतात. १५ लिटरच्या बादलीनं मोजलं तर मिनिटाला साडेचार बादल्या, आणि त्या सगळ्या एकाच टोकाच्या एकाच भोकातून जायच्या.

याच जोराच्या पावसाला ७५ मिलीमीटरचा, म्हणजे तुमचा ३ इंची पाइप, सुमारे २० चौरस मीटर छपराचं पाणी वाहून नेतो. १०० मिलीमीटरचा सुमारे ४२ चौरस मीटरचं. तुमचं पाखं ४१.६ आहे. तेव्हा ३ इंचीचा ४ इंची केलात तरी जेमतेम काठावर याल, आणि तेही तोंडाशी एकसुद्धा पान अडकलेलं नसेल तरच. मागे फणस असताना हा भरवसा कोण देणार? उपाय एकच : दोन्ही टोकांना एकेक ४ इंची पाइप आणि पन्हळीचा उंचवटा मधोमध. ३२ फुटांचे १६-१६ झाले की प्रत्येक पाइपाकडे निम्मं पाणी येतं आणि हाताशी दुप्पट क्षमता राहते.

याचा दुसरा फायदा उताराचा आहे. पन्हळीला १० फुटांना १ इंच उतार असला की पाणी गाळासकट पुढे सरकतं. त्याहून कमी असला तर पाणी जातं पण गाळ बसतो, आणि आठ दिवसांत त्या गाळात रोपं उगवतात. ३२ फूट एकाच दिशेला वाहवायचे तर टोकाशी पन्हळ सव्वातीन इंच खाली जाते. मग तिथे कौलापासून पडणारं पाणी वाऱ्यानं पन्हळीच्या बाहेरच उडतं. म्हणून बसवणारे उतारच कमी ठेवतात. तुमच्याकडेही तेच झालं असण्याची दाट शक्यता आहे. मधून दोन्हीकडे उतार दिला की १६ फुटांना दीड इंच पुरतो.

आता भिंतीवरची ओल काय सांगते ते पाहा, कारण सगळी ओल पन्हळीची नसते. वरून खाली दोन फूट उतरलेला लांब आडवा पट्टा म्हणजे पन्हळ भरून मागच्या कडेनं, फळीवरून भिंतीच्या माथ्यावर पाणी जातंय. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. हाच पट्टा उभा आणि हातभर रुंदीचा असता तर वरचा जोड गळतोय असं समजलो असतो. कोपऱ्यात पाइपाच्या मागे ओल असेल तर पाइप तुंबलाय किंवा त्याचा सांधा सुटलाय. जमिनीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत ओल आणि पांढरा लोणा असेल तर तो जोत्याचा प्रश्न आहे, त्यात पन्हळीचा संबंध फक्त पाइपाचं पाणी कुठे सोडलंय एवढाच. आणि वळचणीपासून लांब, खोलीच्या मध्यावर डाग असेल तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. भिंत पश्चिमेची असेल तर झडीचं पाणीही धरावं लागतं, पण झडीनं भिजलेली भिंत बाहेरून सगळीकडे सारखी काळवंडते, वरचाच पट्टा धरून बसत नाही.

गावी पोचल्यावर पहिल्या दिवशी काही काढू नका, आधी बघा. पन्हळीच्या लांबच्या टोकाला एक बादली पाणी हळूहळू ओता. पाइपाच्या तोंडाशी पाणी यायला किती वेळ लागतो, वाटेत कुठे थांबतं, बादली संपल्यावर किती पाणी पन्हळीत उभं राहतं, हे पाहा. जिथे तळं साचतं तिथे खडूनं खूण करा. चिरलेल्या पाइपाची पन्हळ उन्हानं मऊ पडून दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळ धरते. क्लॅम्प चार-चार फुटांवर असतील (पैसे वाचवायला बहुतेक ठिकाणी तसेच असतात) तर झोळ आहेच, असं धरून चाला. दर दोन फुटांवर एक क्लॅम्प हवा, ३२ फुटांना दोन्ही टोकं धरून १७.

मग पाइपाच्या तोंडात बोट घालून बघा. पन्हळीच्या तळाला भोक पाडून खालून पाइप सरकवलेला असतो, आणि त्याची कड बऱ्याचदा पाव-अर्धा इंच वर आलेली असते. प्लंबरला ती चिकटवायला सोपी जाते. पण ती कड म्हणजे छोटा बंधारा. तिच्या उंचीइतकं पाणी आणि चिखल पन्हळीत कायम राहतो. कौलांची लाल भुकटी, शेवाळ आणि आंब्याचा मोहोर मिळून तिथे काळा, चिकट थर तयार होतो. सासरे वरचा पाला काढतात तेव्हा हा थर हलत नाही, कारण शिडीवरून तो दिसतच नाही. पाणी उभं राहिलं की डासही होतात, आणि डेंगूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

साफ करण्याची रीत अशी. मे महिन्यात सगळं वाळलेलं असतं तेव्हाच करा, ओला गाळ बराच जड होतो आणि हातात धरता येत नाही. कौलं चाळायची असतील तर ती आधी, पन्हळ नंतर, कारण चाळताना फुटक्या कौलांचे तुकडे पन्हळीतच पडतात. आधी पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबा, म्हणजे कचरा खाली जाणार नाही. तोंडाकडून सुरुवात करून मागे मागे जा. पीव्हीसीला खुरपं लावू नका, ओरखडे पडतात आणि त्यांत शेवाळ धरतं. जुना तेलाचा प्लास्टिक कॅन तिरका कापून केलेलं फावडं यापेक्षा चांगलं हत्यार नाही, ते गोलाईत बरोबर बसतं. कचरा खाली फेकायचा नाही, शिडीला आकड्यानं अडकवलेल्या बादलीत टाकायचा. ऍसिड अजिबात नको, त्यानं क्लॅम्प खाल्ले जातात. हातात रबरी मोजे हवेतच. या गाळात उंदराचं मूत असतं आणि कोकणात पावसाळ्यात लेप्टोची साथ ऐकायला मिळते ती उगाच नाही. कौलाखाली हात घालण्याआधी काठीनं ठोका. विंचू आणि गांधीलमाशीचं पोळं, दोन्ही तिथेच असतात.

गाळ काढून झाला की बोळा काढा आणि लांबच्या टोकाकडून पाणी सोडा. पाणी तुंबलं तर पाइप बंद आहे. पाइप बोटांच्या गाठीनं वरून खाली ठोकत जा. पोकळ भाग ठणठण वाजतो, भरलेला भाग भद्द वाजतो, आवाज बदलेल तिथे बूच आहे. वरून काठी दामटू नका, बूच आणखी घट्ट बसतं. खालचा बेंड सोडवा आणि खालून वर बांबूची चिरलेली कांब घाला. बेंड सोल्युशननं (पीव्हीसीच्या डिंकानं) पक्का चिकटवलेला असेल तर तो कापावा लागेल. नवा लावताना नुसता दाबून बसवा, चिकटवू नका. वरच्या बाजूला काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घ्या आणि जमिनीपासून तीन फुटांवर एक डोअर टी (उघडणारं झाकण असलेला जोड) बसवा. पुढच्या वेळी बूच काढायला शिडी लागणार नाही, झाकण उघडलं की झालं.

नव्या बांधणीत सामान फार लागत नाही. ६ इंची पाइप २० फुटी येतो. तो मधोमध चिरला की दोन अर्धे मिळतात, दोन्ही १६ फुटांवर कापले की मागची अख्खी पन्हळ एकाच पाइपात होते. जुन्या पन्हळीची कड अंगठ्यानं दाबून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली किंवा करकर आवाज आला तर ऊन खाऊन ती ठिसूळ झाली आहे, ती पुन्हा लावण्यात अर्थ नाही. माकडांनी उडी मारली की अशी पन्हळ पहिली तुटते. उरलेल्या चार-चार फुटांच्या तुकड्यांतला एक मधल्या जोडाला कामी येतो.

जोडाचं काम नीट समजून घ्या, कारण गळती इथूनच सुरू होते. पीव्हीसी तापली की वाढते. १६ फुटांचा तुकडा थंड पहाट आणि भर दुपार यांत साधारण एक सेंटीमीटर लांबतो आणि आखडतो. दोन तुकडे सोल्युशननं घट्ट चिकटवले तर ही ओढाताण सांध्यावर येते आणि दोन उन्हाळ्यांत तो उकलतो. तुमच्या जुन्या ३२ फुटांत २० आणि १२ असा एक जोड असणारच, आणि तो उताराच्या वाटेवर होता. आता जोड मध्यावर, सगळ्यांत उंच जागी येतो. तिथे पाणी थांबत नाही. दोन टोकांत दीड सेंटीमीटर फट ठेवा, वरून त्याच पाइपाचा फूटभर तुकडा आत बसवा आणि तो एकाच बाजूला चिकटवा. दुसरी बाजू मोकळी सरकू द्या.

क्लॅम्प फळीला नव्हे, वाशाला ठोकायचे. फळीचे स्क्रू ओल धरली की सैल होतात आणि पन्हळ बाहेर झुकते. गवंड्याकडून लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाण्याची पारदर्शक नळी) घेऊन मध्याची आणि दोन्ही टोकांची खूण करा, दोरी ताणा आणि सगळे क्लॅम्प दोरीवर आणा. क्लॅम्पची पट्टी २५ मिलीमीटर रुंद, ३ मिलीमीटर जाड घ्या, बसवण्याआधी रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट. बसवल्यावर रंगवायचं म्हटलं की पट्टीची मागची बाजू तशीच राहते, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पन्हळ कौलाखाली किती आत हवी? कौलाचं टोक पन्हळीच्या आत साधारण दोन इंच यायला हवं. त्याहून कमी आलं तर हलक्या पावसात पाणी कौलाच्या खालच्या अंगानं वळून फळीवर जातं. फार पुढे आलं तर जोराचं पाणी पन्हळ ओलांडून जातं. आणि एक गोष्ट, जी फुकट आहे आणि फार थोडे लोक करतात : पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवा. गोल पन्हळ क्लॅम्पमध्ये थोडी फिरवली की झालं. उद्या पाला अडकला, तोंड बंद झालं, घरी कुणी नसलं, तरी भरलेलं पाणी अंगणात पडेल, भिंतीवर नाही. तुमच्यासारख्या लांब राहणाऱ्यांनी बाकी काही जमलं नाही तरी एवढं तरी करून यावं.

दोन्ही तोंडांवर पाइपाची कड पन्हळीच्या तळाशी सपाट घासून घ्या, बोट फिरवल्यावर अडकता कामा नये.

आता दिरांची जाळी. पन्हळीवर सपाट जाळी अंथरली की आंब्याची पानं तिच्यावर चपटी बसतात, दोन पावसांत त्यांचा गालिचा होतो आणि पाणी त्यावरून घसरून थेट बाहेर जातं. मोहोर, भुकटी आणि शेवाळ मात्र भोकांतून खाली जातं, आणि ते काढायला आधी जाळी उचकटावी लागते. काम कमी न होता दुप्पट होतं. तोंडावर सपाट जाळी त्याहून वाईट, फणसाचं एक पान तिला पुरतं. जाळी हवीच तर फक्त पाइपाच्या तोंडावर, आणि घुमटी : अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश वळवून चार इंच उंच टोपी करा. पानं बुडाशी अडकली तरी पाणी वरच्या भोकांतून आत जातं. फांद्या छपरापासून सहा फूट मागे आल्या तर यापेक्षा मोठा फायदा होतो. आंबे उतरवून झाले की पावसाच्या आधी तेवढ्या फांद्या काढून घ्या.

शेजाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जुन्या कौलारू घरांना पन्हळी नव्हत्या हे खरं, पण त्यांच्या वळचणी भिंतीपासून चांगल्या पुढे असत, भोवती पडवी असे, आणि पागोळ्या पडतात तिथे चिऱ्याचं गटार असे. तुमची मागची वळचण भिंतीपासून अडीच फूट किंवा जास्त पुढे आहे का ते टेपनं मोजा. असेल, आणि खाली बांधीव गटार उतारानं काढता येत असेल, तर मागची पन्हळ काढणं हा शहाणपणाचा पर्याय आहे. दर वर्षीची कटकट संपते. पण वळचण दीड फूट असेल तर नको. नऊ-दहा फुटांवरून पडणाऱ्या पागोळ्यांचं पाणी जमिनीवरून दीड-दोन फूट वर उडतं, आणि चिरा ते पितो. गटार जमणार नसेल तर पागोळ्यांच्या रेषेवर दोन फूट रुंद, चार इंच जाड खडीचा पट्टा तरी घाला, उडणं बरंच कमी होतं.

पाइपाचं खालचं पाणी भिंतीशी सोडू नका. ते जोत्यापासून किमान पाच-सहा फूट लांब नेऊन उताराच्या चरात सोडा, नाहीतर वरची ओल बंद होईल आणि खालची सुरू होईल. वर्षाला ३,००० मिलीमीटर पाऊस धरला तर एका मागच्या पाख्यावरूनच सव्वा लाख लिटर पाणी येतं. एप्रिलमध्ये विहीर तळाला जात असेल तर हे पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा करून मुरवता येईल. प्यायच्या विहिरीत थेट मात्र सोडायचं नाही, कौलांवर पक्षी नि उंदीर दोन्ही असतात.

फुगलेल्या फळीत दाभण टोचा. पाव इंचाहून खोल सहज गेलं तर तेवढा तुकडा कुजलाय, सुतार लावून बदला. फळी उघडली की मागच्या वाशांची टोकंही अशीच टोचून बघा. भिंतीच्या माथ्यावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आली आहे, आणि वाळवी ओल्या लाकडाचा माग काढत येते. नव्या फळीच्या चारही कडांना, विशेषतः वरच्या आणि कापलेल्या टोकांना, ठोकण्याआधी रंग द्या.

सासऱ्यांच्या शिडीबद्दल स्पष्ट लिहितो. त्यांनी शिडीवर चढू नये. पावसात ओली शिडी, शेवाळलेली जमीन आणि वय ७३, यात धोका कुठला हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात दोन गडी अर्ध्या दिवसासाठी बोलवा आणि त्यांनाच पावसाळ्यातल्या दोन फेऱ्यांचंही सांगून ठेवा : एक जूनच्या शेवटी, पहिल्या मोठ्या पावसांनी छपरावरचा वर्षभराचा कचरा खाली आणल्यावर, आणि दुसरी गणपतीच्या आधी उघडीप मिळेल तेव्हा. शिडी चार फूट उंचीला एक फूट या हिशेबानं पायाशी बाहेर ठेवायची, वरचं टोक वळचणीच्या तीन फूट वर, आणि खाली एक माणूस धरायला. शिडी पन्हळीला टेकवायची नाही, पीव्हीसी वाकते आणि शिडी सरकते. शिडीला वरून आडवा बांबू बांधून तो वाशांवर टेकवायचा. वळचणीजवळून वीजजोडणीची वायर येत असेल तर महावितरणच्या माणसाला बोलावून पुरवठा बंद केल्याशिवाय त्या बाजूला कुणाला चढवू नका. ओला बांबूही शॉक देतो, तेव्हा ॲल्युमिनियमची शिडी नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

सासऱ्यांचं मन पन्हळीवरून उठणार नाही, तर त्यांना जमिनीवरचं काम द्या, आणि ते जास्त उपयोगाचं आहे. जोराची सर आली की छत्री घेऊन दहा मिनिटं मागे उभं राहायचं आणि फोनवर व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवायचा. पाइपाच्या तोंडातून पाणी धबाधबा येतंय का, दोन्ही पाइपांतून सारखंच येतंय का, पन्हळीवरून कुठे ओघळतंय. एका पाइपातून बारीक धार आणि दुसऱ्यातून जोरात, असं दिसलं तर बारीक धारेच्या तोंडाशी पान बसलंय, गड्याला फोन करायचा. डोअर टीचं झाकण उघडणं तेही करू शकतात, पाऊस थांबल्यावर.

रंगाऱ्याला मात्र या वर्षी परत पाठवा. चिऱ्याची भिंत आतून बाहेरून पाणी पिते आणि सोडते. आतून वॉटरप्रूफ रंगानं तोंड बंद केलं की आत अडकलेली ओल क्षार घेऊन रंगामागे येते आणि पापुद्रा पहिल्यापेक्षा मोठा सुटतो. मे महिन्यात सुटलेला रंग खरवडा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा (धुऊ नका, धुतला की क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच जातो) आणि भिंत तशीच उघडी राहू द्या. बुरशी काढताना तोंडाला फडकं बांधा आणि खिडक्या उघड्या ठेवा. पलंग-कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पावसाळाभर वरचा पट्टा वाढला नाही, तर पन्हळीचं काम जमलं.

रंगाचा विचार फेब्रुवारीत करा. आधी दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा त्या पट्ट्यावर चारही बाजूंनी टेपनं चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर आत अजून पाणी आहे, आणखी महिनाभर थांबा. थेंब नसतील तर चुन्याचे दोन हात द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि पुढच्या पावसात पुन्हा ओल आलीच तर ती लपवत नाही.